धारप वाचायला घेताना

‘तुंबाड’ पाहिलेला माणूस आता कुठेही भेटतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा हा सिनेमा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. पण ज्या मराठी लेखकाच्या गोष्टीतून त्याची ठिणगी पडली, त्याचं एक तरी पुस्तक पुरतं वाचलेला माणूस शोधावा लागतो. आमच्या नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत चहाच्या टपरीवर नारायण धारपांचं नाव काढलं, तर दोनच उत्तरं मिळतात. पंचविशीतला म्हणतो, ‘कोण?’ आणि पन्नाशीतला म्हणतो, ‘ते भुताखेतांचे ना? आमची आई वाचू द्यायची नाही.’

हा लेख या दोघांसाठीही आहे. धारपांची पुस्तकं शंभरावर आहेत आणि त्यांत डावं-उजवं भरपूर आहे. पहिलंच पुस्तक चुकीचं हाती पडलं, तर वाचक ‘हे तर इंग्रजीवरून घेतलंय’ म्हणून ठेवून देतो, किंवा ‘सगळ्या गोष्टी सारख्याच’ म्हणून कंटाळतो. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. म्हणूनच कुठून सुरुवात करायची आणि काय मागे ठेवायचं, हे इथे महत्त्वाचं ठरतं.

आधी थोडी ओळख. नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा आणि मृत्यू १८ ऑगस्ट २००८चा. म्हणजे २०२५ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्याप्रमाणे धारपही गल्लीतल्या लायब्रऱ्यांनी जगवलेले लेखक. महिन्याची वर्गणी, खाकी कव्हर आणि मागच्या पानावर तारखांचे शिक्के, असा तो काळ. समीक्षकांनी या लेखकांकडे फारसं पाहिलं नाही आणि वाचकांनी समीक्षकांकडे पाहिलं नाही. मात्र या तिघांना एकाच फळीवर ठेवणं मला पटत नाही. अर्नाळकरांचा झुंझार काय, नाईकांचा कॅप्टन दीप काय, दोघेही पळतात, पकडतात, सुटतात. धारपांचा नायक बहुतेक वेळा घरात बसलेला असतो, आणि जे यायचं ते त्याच्याकडेच येतं.

सुरुवात कथांपासून करा, कादंबरीपासून नको. ‘अनोळखी दिशा’ या नावाने निघालेले त्यांचे कथासंग्रह त्यासाठी सगळ्यांत सोयीचे. कोपरखैरणेहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला निघालं की घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव एवढ्या स्टेशनांत एखादी छोटी गोष्ट संपते. बसायला जागा मिळाली तर, हे वेगळं सांगायला नको. कथा छोटी असली की धारपांची कारागिरी उघडी दिसते, आणि त्यांचा मोठा दोष, म्हणजे मध्येच सुरू होणारं व्याख्यान, त्याला तिथे जागाच मिळत नाही.

ही कारागिरी कशी चालते, ते एकदा लक्षात आलं की पुढचं वाचन गोड होतं. धारप भीतीला सरळ हात घालत नाहीत. आधी एक भरवशाचा निवेदक उभा करतात. नोकरीपेशातला, हिशेबी, देवाधर्माच्या फारशा वाटेला न जाणारा. त्याची बदली झालेली असते, किंवा कुणा चुलत्याचा वाडा वारशाने वाट्याला आलेला असतो, किंवा भाडं स्वस्त म्हणून त्याने जागा घेतलेली असते. मग धारप ते घर दाखवतात. दारं कुठे, जिना कुठे, माडीवरच्या खोलीला कुलूप कुणी लावलं, किल्ली कुणाकडे. भाषा अगदी साधी, सरकारी पंचनाम्याला शोभेल अशी. हे सगळं वाचताना आपण स्वतःच त्या घरात वावरायला लागतो, आणि नंतर फक्त एक गोष्ट जागची हललेली दाखवली की काम झालं. रक्ताचे पाट आणि विस्कटलेले केस लागतातच असं नाही. ज्या कथेत ते लागतात, ती सहसा त्यांची उतरती कथा असते.

त्यातही एक विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि माझ्या मते धारपांचं खरं बळ तिथेच आहे: वारसा. घर, जमीन, दागिना, एखादी पेटी किंवा वही आपल्याकडे येते आणि तिच्याबरोबर आधीच्या पिढीने केलेलं काहीतरीही येतं. मध्यमवर्गीय मराठी माणसाला फुकट मिळालेल्या खोलीचा जेवढा आनंद होतो, तेवढीच तिच्या कागदपत्रांची धास्तीही वाटते. धारपांनी ही धास्ती नेमकी पकडली. त्यांची भुतं काढून टाकली तरी त्या घरातला ताण शिल्लक राहतो. भाऊबंदकी, गप्प बसलेली म्हातारी माणसं, ‘त्या खोलीत जाऊ नकोस’ एवढंच सांगून विषय बदलणारी काकू. वाचताना या गोष्टींवर नजर ठेवा, भूत कधी येतं याकडे नको.

दुसरा टप्पा ‘आजी’ या कथेचा. संग्रह हातात आला की अनुक्रमणिकेत हे नाव आहे का ते पाहा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट सांगितली आणि तिथून ‘तुंबाड’चं बीज पडलं. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं. कथेत घरात एकटं पडलेलं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी, एवढाच ऐवज. ज्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्यांना पहिल्या भागातली ती रात्र लगेच आठवेल.

आता या कथेचं मूळ. ती स्टीफन किंगच्या १९८४ सालच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली आहे. आणि इथे एक गंमत आहे, ती चाहत्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. ‘तुंबाड’मधल्या लोभी देवाचं नाव हस्तर. हे नाव अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळांच्या एका दयाळू देवाला दिलं होतं. ते रॉबर्ट चेंबर्सने उचललं आणि १८९५च्या ‘द किंग इन यलो’मध्ये वापरलं. पुढे १९३१ मध्ये भयकथाकार लव्हक्राफ्टच्या एका कथेत या नावाचा ओझरता उल्लेख आला आणि लव्हक्राफ्टच्या गोतावळ्यातल्या लेखकांनी या देवाला भयंकर करून सोडलं. किंगच्या ‘ग्रॅमा’त भयाण आजीला गप्प करायला हेच नाव घ्यायचं असतं. ‘तुंबाड’मध्येही आजीला झोपवायला तेच नाव लागतं. मेंढ्या राखणारा देव सव्वाशे वर्षांत कोकणातल्या एका वाड्यापर्यंत पोचला, आणि या प्रवासाचं मधलं एक ठाणं धारपांच्या टेबलावर होतं. भयकथा अशाच फिरतात. एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला.

पण म्हणून उसनवारीचा प्रश्न सुटत नाही. ‘लुचाई’ वाचताना किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ आठवते आणि ‘शपथ’ वाचताना १९८६ची ‘इट’. हे साम्य वाचकांनी कधीचं दाखवून दिलं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मराठीला रूपांतर नवीन नाही. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मोलिएरवरून आलं आणि ज्यूल व्हर्न कित्येक मराठी मुलांना भा. रा. भागवतांमुळेच भेटला. फरक एवढाच की मूळ लेखकाचं नाव ठळक छापलं की वाचकाची फसगत होत नाही. ‘शपथ’ वाचून भारावलेल्या मुलाला दहा वर्षांनी ‘इट’ हातात आल्यावर जो धक्का बसतो, तो टाळता आला असता. माझं मत स्पष्ट आहे: श्रेयाच्या बाबतीत धारपांची बाजू लंगडी आहे, आणि तरीही ती पुस्तकं वाचण्यासारखी आहेत. दोन्ही वाक्यं एकत्र मान्य करता आली पाहिजेत.

म्हणूनच ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ शेवटी ठेवा, आणि जमल्यास मूळ पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. मग खरी मजा येते. ‘सेलम्स लॉट’मध्ये संकटाशी लढायला कॅथलिक पाद्री आहे, क्रूस आहे, मंतरलेलं पाणी आहे. ही सामग्री मराठी गावात चालत नाही. तिच्या जागी काय आणायचं? देवघरातली मूर्ती, एखादा साधुपुरुष की माणसाची स्वतःची मनःशक्ती? धारप कशावर भरवसा ठेवतात, कुठे ते सांधे जुळतात आणि कुठे शिवण उसवलेली दिसते, ते पेन्सिल घेऊन बघा. ‘इट’ हजारावर पानांची आहे. मुलांचं टोळकं, त्यांनी एकमेकांना दिलेला शब्द, मोठेपणी परत येणं हा सांगाडा मराठीत आणताना काय गाळलं गेलं, यावरूनही धारपांची दृष्टी कळते. लेखकाची स्वतःची भर अशा ठिकाणीच सापडते.

कथांनंतर आणि या दोन कादंबऱ्यांच्या आधी ‘समर्थ’ मालिका घ्या. धारपांचा हा सगळ्यांत लाडका मानसपुत्र. समर्थ म्हणजे अनिष्ट शक्तींशी झुंजणारे सत्पुरुष आणि अप्पा जोशी हे त्यांचे सोबती. होम्स-वॉटसनची जोडी आठवते, पण इथे गुन्हेगार माणूस नसतो. मालिकेतल्या ‘समर्थाचिया सेवका’ या पुस्तकाचं नाव थेट रामदासांच्या मनाच्या श्लोकांतून घेतलेलं आहे. संध्याकाळी हात जोडून श्लोक म्हणणाऱ्या घरातल्या वाचकाला त्यातला दिलासा लगेच कळायचा. या मालिकेचा गुण आणि दोष एकच आहे: समर्थ आले की सगळं ठीक होणार, हे आपल्याला माहीत असतं. ज्यांना भीती हवी पण झोपही हवी, त्यांच्यासाठी ही मालिका उत्तम. आठवी-नववीतल्या मुलांना धारप द्यायचे असतील तर इथूनच द्या. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ थोडं मोठं झाल्यावर. मात्र समर्थांची तीन-चार पुस्तकं ओळीने वाचू नका. तिसऱ्यापासून आपणच पुढचं पान आधी सांगायला लागतो.

समर्थ नसलेल्या कादंबऱ्यांत ‘चेटकीण’, ‘आनंदमहल’, ‘४४० चंदनवाडी’ ही नावं चाहत्यांच्या तोंडी असतात. ‘ग्रहण’वर २०१८ मध्येच झी मराठीने मालिका केली होती, पल्लवी जोशींना घेऊन. मालिका पाहून पुस्तक घेणाऱ्यांनी ती डोक्यातून काढून टाकावी. रोजच्या भागाला लागणारा मालमसाला वेगळा आणि कादंबरीची चाल वेगळी. यांपैकी पहिली कुठली, असं विचाराल तर मी ‘४४० चंदनवाडी’ सुचवेन. नावातच पत्ता आहे, आणि पत्त्यापासून भीती सुरू करणं हा अस्सल धारपी खाक्या.

विज्ञानकथा आवडणाऱ्यांनी ‘नेनचिम’ आणि ‘गोग्रॅमचा चितार’ सोडू नयेत. जयंत नारळीकर आणि बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या वाचकाला इथलं विज्ञान सैल वाटेल. वाटू द्या. धारपांना प्रयोगशाळेत रस नव्हता. आपल्या जगाला लागून आणखी एक जग आहे आणि मधली भिंत पातळ आहे, ही एकच कल्पना त्यांना भयकथेतही पुरते आणि विज्ञानकथेतही. या दोन पुस्तकांत तिची भुताटकीची झूल उतरलेली असते इतकंच.

काही इशारे. एका बैठकीत अख्खा संग्रह संपवू नका. रात्री एक गोष्ट पुरे. निवेदकाची ठेवण, हळूहळू चढणारा अंधार, शेवटी येणारा उलगडा, ही चाल ओळीने चार वेळा पाहिली की तिचा खडखडाट ऐकू येतो. शेवट बरेचदा घाईत उरकलेले असतात. दोनशे पानं बांधलेलं संकट दोन पानांत नाहीसं होतं. मनाच्या शक्तीवरची प्रवचनं येतील, ती चाळून पुढे गेलात तरी चालेल. बायका अनेकदा घाबरायला किंवा घाबरवायलाच आलेल्या असतात. ‘काळी जोगीण’सारखी नावं आणि गावाबाहेरून येणाऱ्या भटक्या माणसांकडे संशयाने बघण्याची सवय आज खटकते आणि खटकायलाच हवी. त्यांचं जग पांढरपेशा घरांचं आहे. पावण्यासारख्या गावातला आगरी-कोळी माणूस किंवा कंपनीतला कंत्राटी कामगार तिथे क्वचितच नायक होतो. रात्रपाळी सुटल्यावर ठाणे-बेलापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांतून, रसायनांचा वास घेत, बंद गेटांपुढून एकट्याने चालत येणाऱ्या माणसाची भयकथा मराठीत कुणीतरी लिहायला हवी, असं मला अधूनमधून वाटतं.

पुस्तकं मिळवायची कुठून? नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशन आणि रोहन प्रकाशनाने काढलेल्या आहेत. दुकानात नसतील तर मागवून देतात. पण शंभरावर पुस्तकांतली सगळी विकत घेण्यासारखी नाहीत, हे स्पष्ट सांगतो. आधी लायब्ररी गाठा. पावण्याहून सोयीचं म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय. १८९३ची संस्था आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. डोंबिवलीकडे राहणाऱ्यांना पै फ्रेंड्स लायब्ररी आहेच. काउंटरवर ‘भयकथा दाखवा’ म्हणू नका, लेखकाचं नाव सांगा. नाहीतर दुसऱ्याच कुणाचं पुस्तक हातात पडेल. जुनी प्रत घेताना शेवटची आठ-दहा पानं आधी मोजून पाहा. लायब्ररीत फिरलेल्या पुस्तकांचा शेवटचा फर्मा सगळ्यांत आधी निखळतो, आणि भयकथेचा शेवट गेला की राहिलं काय? जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादं धारपांचं अनोळखी नाव दिसलं, तर पैसे देण्याआधी अनुक्रमणिका उघडा. संग्रहाचं नाव नवं आणि आतल्या गोष्टी वाचलेल्या, असं कुठल्याही कथालेखकाच्या बाबतीत होऊ शकतं. मागे-पुढे पहिल्या आवृत्तीचं साल छापलेलं असेल तर टिपून ठेवा. लेखक केव्हा काय वाचत होता याचा माग त्यावरूनच लागतो. किंगची कथा १९८४ची असेल, तर त्याआधीचं धारपांचं पुस्तक तिच्यावरून आलेलं असू शकत नाही. ‘सगळं उचललेलं’ असं सरसकट म्हणणाऱ्याला साल दाखवणं हे एकच उत्तर आहे.

धारप पचले की रत्नाकर मतकरींकडे वळा. दोघांना एकत्र वाचलं की दोघेही जास्त कळतात. धारपांची भीती बाहेरून आत येते. मतकरींच्या गूढकथेत ती बहुतेकदा आधीपासूनच आत, माणसाच्या मनात दबा धरून असते. दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे अंकही घ्या. रहस्य आणि गूढकथेची वाट त्यांनी बरीच वर्षं वाहती ठेवली आहे, आणि नवे लेखक तिथेच भेटतात.

शेवटची एक विनंती. जुन्या घराचं पुनर्विकासाचं काम निघालं की माळ्यावरची पुस्तकं सगळ्यांत आधी रद्दीत जातात, आणि खाकी कव्हरातली कादंबरी कुणी उघडूनही बघत नाही. ती उघडून बघा. धारपांची प्रत असेल, पहिलं आणि शेवटचं पान शाबूत असेल, तर किलोच्या भावाने देऊ नका. आपल्या भागातल्या मराठी वाचनालयाला फोन करून त्यांना हवी आहे का ते विचारा, आणि त्यांना नको असेल तर शेजारच्या एखाद्या पंचविशीतल्या पोराला द्या.